हयातीचा दाखला

वऱ्हाडात निराधार अनुदानाला अनुदान कुणी म्हणत नाही, पगार म्हणतात. "पगार आला काय जी?" हा प्रश्न अकोल्यापासून अचलपूरपर्यंत कुठल्याही बँकेच्या दाराशी, महिन्याच्या कुठल्याही दिवशी ऐकू येतो. विचारणारी बहुधा सत्तरीतली बाई असते. पासबुक प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून कमरेला खोचलेलं असतं. जन्मभर दुसऱ्याच्या वावरात निंदण-वेचणीची रोजी केलेल्या माणसाला, आपल्या नावावर दरमहा जमा होणारी ठरावीक रक्कम पगारच वाटणार. शासननिर्णयात त्या रकमेला अर्थसहाय्य म्हटलं आहे. मला त्या बाईचा शब्द अधिक बरोबर वाटतो.

कोरोनाच्या दोन वर्षांत या पगाराचं काय झालं, हे लिहून ठेवायला हवं. दवाखाने, खाटा, ऑक्सिजन, रेमडेसिवीर यांवर पुष्कळ लिहिलं गेलं. तहसील कार्यालयातल्या 'संजय गांधी' शाखेच्या टेबलावर त्याच दिवसांत काय चाललं होतं, याकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. आजाराने जितकी घरं हलवली, त्याहून किती तरी जास्त घरांची चूल त्या टेबलावर अवलंबून होती.

योजना जुनी आहे. २ ऑक्टोबर १९८० रोजी, बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री असताना, संजय गांधी निराधार अनुदान योजना सुरू झाली, ती महिना ६० रुपयांवर. पुढे तिला श्रावणबाळ योजना येऊन मिळाली आणि केंद्राच्या इंदिरा गांधी नावाच्या तीन योजना: वृद्धापकाळ, विधवा आणि दिव्यांग. २०१९ साली राज्याने रक्कम ६०० वरून १,००० रुपये केली. विधवेला एक मूल असेल तर १,१००, दोन असतील तर १,२००. केंद्राच्या वृद्धापकाळ योजनेतल्या, ऐंशीच्या आतल्या माणसाला दिल्लीकडून येत २०० रुपये. हा २०० चा आकडा दीड दशकाच्या आसपास जागचा हललेला नव्हता. उरलेले ८०० राज्याने घालायचे. पाचही योजना मिळून राज्यात लाभार्थी ३५ लाखांच्या घरात.

हा पैसा तेव्हा मुंबईहून थेट खात्यात पडत नसे. सामाजिक न्याय विभागाने निधी जिल्हाधिकाऱ्यांना द्यायचा, त्यांनी तहसीलदारांना, तहसीलदारांनी देयक कोषागारात टाकायचं, आणि मग बँकेत धनादेश जायचा, सोबत यादी. यादीत नाव, खातं क्रमांक, रक्कम. बँकेतला माणूस ती यादी खात्यांवर चढवायचा, तेव्हा कुठे पासबुकावर आकडा उमटायचा. एका ठिकाणचा कारकून रजेवर गेला तर हजारभर म्हाताऱ्यांचा पगार लांबायचा. दोन-दोन, तीन-तीन महिन्यांची रक्कम एकदम जमा होणं ही वऱ्हाडात अंगवळणी पडलेली गोष्ट होती.

आणि दरवर्षी १ जानेवारी ते ३१ मार्च या तीन महिन्यांत लाभार्थ्याने एक काम करायचं असतं: आपण जिवंत आहोत हे सिद्ध करायचं. त्याला हयातीचा दाखला म्हणतात. बँकेत, पोस्टात किंवा तहसीलमध्ये स्वतः जाऊन उभं राहायचं, अंगठा द्यायचा. जो आला नाही तो गेला असं धरून पगार थांबवता येतो. नियमामागे कारण आहे. मेलेल्या माणसांच्या नावावर पैसे उचलले जाऊ नयेत, हे कुणालाही पटेल. पण २०२० साली या तिमाहीचा शेवटचा आठवडा उजाडला तेव्हा देश बंद झाला होता. टाळेबंदीचा पहिला दिवस २५ मार्च. त्या दिवशी गुढीपाडवा होता.

पाडवा म्हणजे वऱ्हाडात सालदार ठरण्याचा दिवस. वर्षभराचा हिशेब त्या दिवशी मिटतो, नवा बोलीवर ठरतो. त्या पाडव्याला बऱ्याच घरी बोलीच झाली नाही. कास्तकाराच्या घरात कापूस पडून होता. सरकारी खरेदी टाळेबंदीत ठप्प झाली, नंतर रखडत रखडत पावसाळ्यापर्यंत चालली. घरात क्विंटलांनी कापूस आणि खिशात मिठापुरते पैसे नाहीत, अशी अवस्था अकोट, दर्यापूर, अंजनगाव, मूर्तिजापूर या साऱ्या पट्ट्यात होती. अचलपूरची फिनले मिल त्या मार्चमध्ये बंद झाली आणि कामगार रिकामे झाले. अशा वेळी घरात येणारी एकच रोकड उरली, ती आजीच्या पगाराची. ज्या म्हातारीला 'खाऊन बसते' असं ऐकावं लागत होतं, तिच्या हजार रुपयांवर सात माणसांचं घर आठवडाभर रेटलं गेलं, अशी घरं या पट्ट्यातल्या गावोगावी होती.

२६ मार्चला केंद्राने प्रधानमंत्री गरीब कल्याण पॅकेज जाहीर केलं. केंद्राच्या निवृत्तिवेतन योजनेतल्या सुमारे ३ कोटी वृद्ध, विधवा आणि दिव्यांगांना दोन हप्त्यांत १,००० रुपये जादा, आणि जनधन खातं असलेल्या बायकांना तीन महिने ५०० रुपये. जनधनचे पैसे काढायला गर्दी होऊ नये म्हणून खातं क्रमांकाच्या शेवटच्या आकड्यावरून दिवस वाटून दिले: ० आणि १ वाल्यांनी ३ एप्रिलला यावं, २ आणि ३ वाल्यांनी ४ तारखेला, असं करत ९ एप्रिलपर्यंत. व्यवस्था विचारपूर्वक केलेली होती. पण जिला अक्षर येत नाही तिला आपल्या खात्याचा शेवटचा आकडा कोण सांगणार? त्यात एक अफवा उठली की काढले नाहीत तर सरकार पैसे परत घेणार. बँकांना खुलासे करावे लागले की पैसे कुठेही जात नाहीत. तरी पहाटेपासून रांगा लागल्या. चुन्याने आखलेल्या वर्तुळांत आधी पिशव्या, चपला, दगड ठेवलेले, आणि त्यांच्या मालकिणी भिंतीच्या सावलीला टेकून बसलेल्या. वऱ्हाडचा एप्रिल म्हणजे पारा बेचाळीसच्या पुढे. त्याच आठवड्यात अमरावती आणि अकोला या दोन्ही जिल्ह्यांत पहिले रुग्ण सापडले होते, म्हणजे रांगेत उभं राहण्याचं भय खरं होतं.

बँकेपर्यंत जाता येत नव्हतं त्यांच्यासाठी पोस्टमन आणि बँकमित्र होते. पोस्टाच्या पेमेंट बँकेचं छोटं यंत्र घेऊन पोस्टमन दारात यायचा, आधारच्या अंगठ्यावर पैसे हातात द्यायचा. टाळेबंदीत पोस्टाने केलेलं हे काम मोलाचं होतं. अडचण यंत्राच्या काचेवर यायची. कापूस वेचून, तुरीच्या पेंढ्या बांधून, चुलीतली लाकडं सरकवून म्हाताऱ्या बाईच्या अंगठ्यावरच्या रेषा पुसट झालेल्या असतात. यंत्र अंगठा नाकारतं. मग दुसरं बोट, तिसरं बोट. पदराने काच पुसायची, बोटाला थोडं तेल लावायचं, पुन्हा टेकवायचं. पाच बोटं झाली की दुसरा हात. त्या काळात हे सारं सॅनिटायझर लावून करायचं, आणि ओल्या बोटाचा ठसा तर मुळीच उमटत नाही. रेशनच्या दुकानात, म्हणजे आपल्याकडच्या 'कंट्रोल'मध्ये, अंगठ्याची अट त्या काळापुरती काढली होती. दुकानदाराच्याच ठशावर धान्य देता यायचं. पैशाच्या बाबतीत तशी सवलत देणं अवघड होतं, हे समजण्यासारखं आहे. पण दहा बोटं टेकवून रिकाम्या हाताने परतणाऱ्या माणसाच्या मनात काय चालतं, याचा हिशेब कुठल्याही प्रणालीत नाही.

धान्याच्या बाबतीत वऱ्हाड थोडं बऱ्या स्थितीत होतं, आणि त्यामागचं कारण दुःखाचं आहे. शेतकरी आत्महत्यांच्या १४ जिल्ह्यांत, म्हणजे मराठवाड्याचे ८, अमरावती विभागाचे ५ आणि वर्धा, २०१५ पासून केशरी कार्डवाल्या शेतकऱ्यांनाही माणशी ५ किलो धान्य दोन रुपये गहू, तीन रुपये तांदूळ या दराने मिळत होतं. इतर जिल्ह्यांत केशरी कार्डवाल्यांना ही सोय नव्हती; त्यांना मे-जून २०२० मध्ये आठ रुपये किलोने गहू आणि बारा रुपये किलोने तांदूळ दिला गेला. एका जुन्या संकटासाठी केलेली यादी नव्या संकटात कामी आली.

इथेच मला या साऱ्या गोष्टीची मेख दिसते. संकट आल्यावर सरकार यादी करू शकत नाही. आधीची यादी असते, तिच्यावर पैसे टाकता येतात. २०२० च्या उन्हाळ्यात ज्यांची नावं यादीत होती त्यांना उशिरा का होईना, काही तरी मिळालं. पण यादीही एक नव्हती. केंद्राचे जादा १,००० रुपये केंद्राच्या योजनेतल्यांनाच होते आणि त्या योजनेत यायला दारिद्र्यरेषेखाली असावं लागतं. खेड्यात ही दारिद्र्यरेषेची यादी कुठली? २००२ च्या सर्वेक्षणातली. एकाच गल्लीतल्या दोन विधवा घ्या. एकीचं नाव २००२ साली लागलं, दुसरी तेव्हा माहेरी होती किंवा तिच्या सासऱ्याच्या घरावर कवेलू होते म्हणून राहिली. अठरा वर्षांनी पहिलीला दिल्लीचे हजार आले, दुसरीला नाही. दुसरीने पटवाऱ्याला विचारलं तर तो तरी काय सांगणार?

यादी करून मदत देण्याची रीत या मुलखाला नवी नाही. १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर इंग्रजांनी दुष्काळ संहिता केल्या; ज्यांना खडी फोडता येत नाही अशा म्हाताऱ्या, आंधळ्या, पांगळ्या माणसांची नावं गावकामगारांनी लिहायची आणि त्यांना घरबसल्या मदत पोचवायची, असा त्यात नियम होता. १८९९-१९०० च्या दुष्काळाने वऱ्हाड होरपळलं. १९१८ मध्ये इन्फ्लुएंझा आला तेव्हा मध्यप्रांत-वऱ्हाड हा देशात सर्वाधिक माणसं गेलेल्या प्रांतांपैकी एक होता, आणि त्या साथीत विधवा झालेल्या बायकांसाठी सरकारकडे निवृत्तिवेतनाची कुठलीच वही नव्हती. त्यांचं काय झालं हे आपल्या घरांतल्या पणज्यांच्या गोष्टींतून थोडंफार कळतं. कुणी भावाच्या दारी राबली, कुणी दिराच्या. १८९७ चा साथरोग कायदा मात्र तेव्हाही होता आणि २०२० मध्येही तोच लागू झाला. माणसांना घरात थांबवण्याचा कायदा सव्वाशे वर्षं टिकला. घरात थांबलेल्यांना जेवू घालण्याची तजवीज दर साथीला नव्याने करावी लागली.

मेळघाटात यादीची गोष्ट आणखी वेगळी. धारणी आणि चिखलदरा तालुक्यांतल्या कोरकू घरांची माणसं दिवाळीनंतर कामाला खाली उतरतात, होळीला परततात. २०२० ची होळी १० मार्चच्या सुमारास झाली आणि पंधरा दिवसांत सारं बंद झालं, त्यामुळे बरीच माणसं गावात अडकली. गावात राहिली हे एका परीने बरं झालं, पण बँक तीस-चाळीस किलोमीटरवर आणि एसटी बंद. २०१६ मध्ये हरिसालला देशातलं पहिलं डिजिटल गाव म्हणून गाजवलं होतं. तिथून थोडं आत जंगलात गेलं की मोबाईलला रेंज मिळत नाही आणि बँकमित्राचं यंत्र मुकं होतं. राज्याने ९ सप्टेंबर २०२० ला आदिवासींसाठीची खावटी योजना पुन्हा सुरू केली. १९७८ पासूनची ही योजना मधली काही वर्षं बंद होती. घरटी ४,००० रुपये, त्यातले २,००० खात्यात आणि २,००० चा किराणा. राज्यभरात ११ लाख ५५ हजार कुटुंबं. निर्णय चांगला होता, पण खावटीचा अर्थच पावसाळ्यात, काम नसताना, खायला मिळणारी मदत. निर्णय व्हायलाच पावसाळा सरत आला होता.

हिवाळ्यात सगळ्यांना वाटलं, आजार गेला. लग्नं झाली, ग्रामपंचायतीच्या निवडणुका झाल्या. जानेवारी २०२१ उजाडला, हयातीच्या दाखल्याचे तीन महिने पुन्हा सुरू झाले. आणि फेब्रुवारीत दुसरी लाट आली, ती राज्यात सर्वांत आधी आपल्याकडे. २१ फेब्रुवारीला अमरावतीच्या पालकमंत्री यशोमती ठाकूर यांनी अमरावती शहर आणि अचलपूरसाठी आठवड्याची टाळेबंदी जाहीर केली. २२ च्या रात्री ८ वाजता ती सुरू झाली आणि पुढे वाढली. अकोला, अकोट, मूर्तिजापूर इथेही निर्बंध आले. पुढे जगाने ज्याला डेल्टा म्हटलं त्या कुळातल्या विषाणूच्या सुरुवातीच्या खुणा ज्या नमुन्यांत सापडल्या, त्यांत वऱ्हाडचे नमुने होते.

त्या आठवड्याचं एक स्मरण मुद्दाम नोंदवतो. भविष्य निर्वाह निधीच्या निवृत्तिवेतनधारकांना, म्हणजे ईपीएस-९५ वाल्यांना, कोरोनामुळे हयातीचा दाखला द्यायला मुदत वाढवून दिली होती, ती २८ फेब्रुवारी २०२१ पर्यंत. एसटीतून, गिरण्यांतून, सहकारी संस्थांतून निवृत्त झालेली ही माणसं. त्यांचं किमान निवृत्तिवेतन २०१४ पासून १,००० रुपये. शेजारच्या बुलढाण्यात त्यांचं साखळी उपोषण कमांडर अशोक राऊत यांच्या नेतृत्वाखाली २४ डिसेंबर २०१८ पासून चालू होतं. साथीमुळे दिलेली मुदत संपली त्या दिवशी अमरावती साथीमुळेच बंद होती.

याहून मोठी गोष्ट म्हणजे त्या फेब्रुवारीत वऱ्हाड राज्याच्या आधी, जवळपास एकटं बंद झालं. मुंबई, पुणे चालू होती, म्हणून राज्याचं पॅकेज नव्हतं. केंद्राचं मोफत धान्य नोव्हेंबर २०२० मध्ये संपलं होतं, ते मे २०२१ मध्ये पुन्हा सुरू झालं. राज्याची मदत जाहीर झाली १३ एप्रिलला, मुंबईसह सारं राज्य बंद करताना. २२ फेब्रुवारी ते १३ एप्रिल हे ५० दिवस होतात. या ५० दिवसांत अमरावतीच्या इतवारा बाजारातल्या हमालाला, राजकमल चौकातल्या चहावाल्याला, अकोल्याच्या रिक्षावाल्याला नेहमीच्या रेशनशिवाय कुणी काही दिलं नाही. मदतीचं घड्याळ राजधानीच्या आजारावर लागलेलं होतं, हे मी कुणावर राग धरून म्हणत नाही. पण तारखा समोर ठेवल्या की दुसरं काही म्हणता येत नाही.

१३ एप्रिलला पुन्हा गुढीपाडवाच होता. मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी त्या संध्याकाळी ५,४७६ कोटींची मदत जाहीर केली: पाच योजनांतल्या ३५ लाख लाभार्थ्यांना १,००० रुपये आगाऊ, अन्नसुरक्षेतल्या ७ कोटी लोकांना माणशी ३ किलो गहू आणि २ किलो तांदूळ मोफत, शिवभोजन थाळी मोफत, नोंदणीकृत बांधकाम कामगार, परवानाधारक रिक्षावाले आणि फेरीवाले यांना १,५०० रुपये. पुन्हा तेच: नोंदणीकृत, परवानाधारक, लाभार्थी. ज्याचं नाव कुठे तरी आधीच लिहिलेलं होतं तो.

आणि एप्रिल-मे २०२१ मध्ये अशी माणसं गेली ज्यांच्या बायकांची नावं कुठेच लिहिलेली नव्हती.

वय तीस-पस्तीस. नवरा ट्रॅक्टर चालवायचा, मोटार गॅरेजात होता, तीन एकराचा कास्तकार होता. ताप आला, गावच्या डॉक्टरने सलाइन लावलं, मग अकोल्याला किंवा अमरावतीला नेलं, एचआरसीटी काढला, 'स्कोर अठरा आला' म्हणून खाट शोधत फिरले. दागिने गेले, वावर गहाण पडलं, माणूसही गेला. अंत्यविधी महापालिकेच्या माणसांनी केला. तेराव्यानंतर ती बाई तहसीलच्या व्हरांड्यात येऊन उभी राहिली, तेव्हा तिला पहिल्यांदा कळलं की निराधार व्हायलाही कागद लागतात.

त्या फाइलमध्ये काय काय असतं ते एकदा पाहण्यासारखं आहे. वर अर्ज, त्याला डकवलेला फोटो. नवऱ्याचा मृत्यूचा दाखला. आधार, रेशन कार्ड. वयाचा पुरावा, शाळा सोडल्याचा दाखला असेल तर उत्तम, नाहीतर डॉक्टरचा. राज्यात पंधरा वर्षं राहत असल्याचा दाखला. मध्य प्रदेशातल्या बैतूल-बऱ्हाणपूरकडून सून होऊन आलेल्या बाईला हाच कागद सर्वांत जड जातो. मुलांचे जन्मदाखले. पासबुकाची झेरॉक्स. पटवाऱ्याचा चौकशी अहवाल. आणि सगळ्यांच्या मधोमध, ज्याच्याविना बाकीचे व्यर्थ, तो 'एकवीस हजाराचा दाखला'. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असल्याचं तहसीलदारांचं प्रमाणपत्र.

२१,००० म्हणजे दिवसाला ५७ रुपये. २०२१-२२ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी होती २४८ रुपये. त्या विधवेने हमीचे १०० दिवस पूर्ण भरले, म्हणजे सरकारनेच दिलेलं काम सरकारच्याच दराने केलं, तर तिचं उत्पन्न होतं २४,८००, आणि ती निराधार उरत नाही. हा नियम पाळायचा तर पटवाऱ्याने खोटं लिहायचं किंवा बाईने काम सोडायचं, असे दोनच मार्ग राहतात. वर्षानुवर्षं पटवारी उत्पन्न वीस हजार, एकवीस हजार लिहीत आले, ते बहुतेक वेळा माणुसकीने. पण जिथे माणुसकीला खोट्याचा आधार घ्यावा लागतो, तिथे पैसे घेऊन खोटं लिहिणाऱ्यालाही जागा मिळते.

शिवाय तो पटवारी होता कुठे? साथीत पटवारी, ग्रामसेवक, अंगणवाडी सेविका, आशा ही सारी माणसं प्रतिबंधित क्षेत्राच्या नाक्यावर, सर्वेक्षणात, लसीकरणाच्या टेबलावर होती. तहसीलदार आपत्ती व्यवस्थापनाचे तालुक्यातले प्रमुख. ज्या कार्यालयाने निराधारांचे अर्ज तपासायचे तेच कार्यालय रुग्णांचा माग काढत होतं, ऑक्सिजनचा टँकर कुठे पोचला ते विचारत होतं, मृतदेहांच्या याद्या करत होतं. अर्ज मंजूर करणाऱ्या तालुका समितीने बैठक घ्यायची तर माणसं जमायला हवीत. त्या टेबलांवरच्या माणसांना मी दोष देणार नाही. त्यांच्यातलेही काही गेले. २००५ नंतर नोकरीला लागलेल्यांना जुनं निवृत्तिवेतन नव्हतं, त्यामुळे त्यांच्या मागे राहिलेल्यांना नियमित कुटुंब निवृत्तिवेतनही नव्हतं. राज्याने ती सोय केली ती मार्च २०२३ मध्ये.

वऱ्हाडाला या कागदांची ओळख जुनी होती. डिसेंबर २००५ पासून आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या कुटुंबाला एक लाखाची मदत मिळते, ३० हजार रोख आणि ७० हजार ठेवीत. पण आधी समिती ठरवते की ही आत्महत्या 'पात्र' की 'अपात्र'. सातबारा मेलेल्याच्या नावावर होता का, कर्ज बँकेचं होतं की सावकाराचं. वडिलांच्या नावच्या वावरात राबून मेलेला मुलगा अपात्र. 'अपात्र' हा शब्द वऱ्हाडातल्या बायकांनी पंधरा वर्षं ऐकला होता. कोरोनाने तो नव्या घरांत नेला.

सर्वोच्च न्यायालयाने ३० जून २०२१ रोजी सांगितलं की कोरोनाने गेलेल्यांच्या वारसांना मदत द्यावीच लागेल. सप्टेंबरात ५० हजारांची रक्कम ठरली, राज्याने २६ नोव्हेंबरला शासननिर्णय काढला. मृत्यूच्या दाखल्यावर कोरोना लिहिलेलं नसलं तरी चालेल, चाचणी झाल्यापासून ३० दिवसांत मृत्यू झाला असला की पुरे, आणि बाधित माणसाने त्या मुदतीत जीव दिला असला तरी तो धरायचा. हा नियम उदार होता. आत्महत्येला पात्र-अपात्रच्या चाळणीतून जाताना पाहिलेल्या वऱ्हाडी माणसाला हे वाक्य दोनदा वाचावंसं वाटलं असेल. तरी चाचणीच झाली नसेल तर? पहिल्याच तापात, घरीच, अँटिजेन न करता गेलेल्यांचा कागद कुठून आणायचा? त्यांच्यासाठी जिल्हा तक्रार निवारण समिती होती आणि तिच्यापुढे स्कोरचा रिपोर्ट, औषधांची बिलं, दवाखान्याच्या चिठ्ठ्या ठेवायच्या होत्या. ज्या घराने रागाच्या भरात ते कागद चुलीत घातले, त्यांच्यापाशी काही उरलं नव्हतं.

या बायकांचा प्रश्न राज्यासमोर आणला तो हेरंब कुलकर्णी यांच्या कोरोना एकल महिला पुनर्वसन समितीने आणि गावोगावच्या कार्यकर्त्यांनी. २७ ऑगस्ट २०२१ ला महिला व बालविकास विभागाने 'मिशन वात्सल्य' काढलं. त्या खात्याच्या तेव्हाच्या मंत्री तिवस्याच्या आमदार यशोमती ठाकूर, आणि राज्यमंत्री अचलपूरचे बच्चू कडू, जे अकोल्याचे पालकमंत्रीही होते. दोघेही अमरावती जिल्ह्याचे. दोन्ही पालक गेलेल्या मुलांच्या नावे ५ लाखांची ठेव, एक पालक गेलेल्यांना बालसंगोपनाची मासिक मदत, असे निर्णय या खात्याने आधीच घेतले होते. मिशन वात्सल्यने त्याहून वेगळं एक केलं: बाईने तहसीलला येण्याऐवजी पथकाने तिच्या दारात जायचं. गावचं पथक घरी गेलं की निराधारचा अर्ज, राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेचे २० हजार, मुलांचं बालसंगोपन, वारसाची नोंद, रेशन कार्डात नाव, असं सगळं एका बैठकीत लिहून घ्यायचं. जिथे तहसीलदारांनी हे मनावर घेतलं तिथे काही महिन्यांत फाइली हलल्या. चाळीस वर्षांत पहिल्यांदा यादी माणसाच्या दाराशी गेली. हे काम साथ ओसरली तसं थंडावलं, आणि साध्या आजाराने, अपघाताने, दारूने नवरा गेलेली बाई पुन्हा व्हरांड्यातच उभी राहिली.

जुलै २०२३ मध्ये पगार १,५०० रुपये झाला. वर्षाचे १८,०००. उत्पन्नाची मर्यादा तेव्हा २१,००० च होती.

२०२१ च्या मे महिन्यात विधवा झालेली ती बाई आता यादीत आहे. अर्ज मंजूर झाल्याचं तिला बँकेतच कळलं, तीन-चार महिन्यांचे पैसे एकदम पडले तेव्हा. त्यात तिच्या मुलीच्या नावावरचे दरमहा शंभर रुपयेही धरलेले होते. जानेवारीत ती हयातीचा दाखला द्यायला तहसीलला येते. सोबत पुनर्विवाह केला नसल्याचंही लिहून द्यावं लागतं. रांगेत पुढे-मागे सत्तरी-पंच्याहत्तरीची माणसं, काठी टेकलेली, कुणाला नातवाने धरून आणलेलं. ती मधे उभी असते, वेचणी बुडवून आलेली, कडेवर मुलगी. खिडकीशी नंबर आला की ती अंगठा पुढे करत नाही. पेन मागून घेते आणि सही करते.